देवीची निद्रा, आईचे जागरण

नगर म्हटले की कुणाला चांदबिबी आठवते, कुणाला भुईकोट किल्ला, कुणाला दुष्काळ, तर कुणाला साखर कारखाने. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना ओठांवर अजून ‘नगर’च येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे.) परंतु या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेले एक हळवे काम आहे, आणि ते जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. दमलेल्या आईला झोपायला पलंग पोचवण्याचे ते काम! ही आई म्हणजे तुळजापूरची भवानी.

हा पलंग तयार होतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात. तिथून जुन्नरवरून मजल दरमजल करीत तो नगरला येतो. पालखी तयार होते आमच्या राहुरीत, आणि गावोगाव दर्शन देत ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरला पोचते. मग नवरात्रात ही दोन्ही तुळजापूरच्या वाटेला लागतात. वाट काही थोडी नाही. सुमारे २०० किलोमीटरची. दसऱ्याला देवीचे सीमोल्लंघन होते ते या पालखीतून. तुळजापूरची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येणारी. १०८ साड्यांच्या वेढ्यात तिला जपून गुंडाळतात, पालखीत बसवतात, देवळाभोवती प्रदक्षिणा होते, आणि नगरहून आलेल्या पलंगावर देवी जी निजते ती कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत. या झोपेला नाव आहे ‘श्रमनिद्रा’.

देवीच्या वर्षभरातल्या झोपा तीन. नवरात्रापूर्वी भाद्रपदाच्या वद्य पक्षात घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. घोरनिद्रेपूर्वी तिच्या गाद्या-उशांतला कापूस काढून पुन्हा पिंजतात, आणि त्या कामाला बायकांचे कितीतरी हात लागतात. नऊ दिवस महिषासुराशी झुंजणाऱ्या जगदंबेलाही थकवा येतो, तिलाही सलग झोप लागते, आणि ती झोप पंचांगात आधीपासून लिहून ठेवावी लागते, हे ज्यांना सुचले त्यांच्या शहाणपणाचे मला फार कौतुक वाटते. ज्यांनी ही प्रथा पाडली त्यांच्या घरी लहान मुले असली पाहिजेत, अशी माझी पक्की समजूत आहे.

मी मराठीची प्राध्यापिका. शब्द दिसला की त्याचा विग्रह करून पाहायची खोड लागलेली. ‘श्रमनिद्रा’ म्हणजे श्रमानंतर येणारी निद्रा. मधले पद लोपलेले, म्हणून मध्यमपदलोपी समास. वर्गात हे सांगताना माझ्या मनात नेहमी येते, की घरातल्या आईच्या बाबतीत हा समास वेगळाच सुटतो. तिथे मधले पद लोपत नाही, शेवटचे लोपते. श्रम राहतात, निद्रा जाते!

भाद्रपद-आश्विनात तर हे फारच खरे. ज्यांची मुले मोठी होऊन परगावी गेली आहेत त्यांना शरद ऋतू म्हणजे निरभ्र आकाश, टिपूर चांदणे आणि रानातली पांढरी-पिवळी फुले. आमच्यासारख्यांना, म्हणजे ज्यांच्या घरी एक तिसरीतली आणि एक बालवाडीतला असे दोन जीव आहेत त्यांना, हाच शरद ऋतू न वाळलेल्या गणवेशांच्या वासावरून ओळखू येतो.

नगरचा पाऊस हा मोठा लहरी पाहुणा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आमचा जिल्हा. जून-जुलैत ढग डोक्यावरून नुसते पळत जातात. खरे दान पदरात पडते ते सप्टेंबरात, परतीच्या पावसाने. साधारण २७ सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो आणि पुढचे दोन आठवडे हत्तीचा पाऊस सोंड उडवीत राहतो. आमचे दूधवाले पारनेरकडचे. अशा पावसात भिजत आले तरी त्यांचा चेहरा फुललेला. “बाई, हत्ती बरसला! आता ज्वारीची काळजी मिटली.” आणि त्याच वेळी घरात पंख्याखाली दोरी बांधून मी चार गणवेश आणि तीन जोड पायमोजे फडफडत ठेवलेले असतात. एकच पाऊस; त्यांच्या रब्बीची पेरणी साधतो आणि आमची सकाळची प्रार्थनेची वेळ चुकवतो. तक्रार कुणाकडे करणार? भाकरी तर त्याच ज्वारीची खायची.

त्यात या दिवसांत सगळ्याच ‘सहामाह्या’ एकदम येतात. शाळेची सहामाही परीक्षा. आमच्या महाविद्यालयाच्या सत्राची अखेर, म्हणजे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. ह्यांची नोकरी बँकेत. तिथले अर्धे वर्ष ३० सप्टेंबरला संपते, तेव्हा हे घरी येतात ते मुले निजल्यावर. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे सणांची माळ. महालक्ष्म्या माहेरपणाला येतात तीन दिवसांसाठी. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. एका स्त्रीला माहेरी विसावा मिळावा म्हणून दुसरी स्त्री सोळा भाज्या चिरीत बसते, ही त्यातली गंमत. त्यांना निरोप दिला की पितृपक्ष. पानावर खीर वाढून कावळ्याची वाट पाहताना आमचा धाकटा विचारतो, “आजी, कावळ्याला कसं कळतं की हे आपल्या आजोबांचं घर?” सासूबाई शांतपणे सांगतात, “तुझा आरडाओरडा ऐकून कळतं!”

अशाच एका वर्षी भाद्रपद लांबला होता. हस्ताचा पाऊस आणि पितृपक्षाची अखेर एकत्र आली होती. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. त्याला ताप भरला. नगरात पाणी साठवून ठेवायची सवय जुनी. पिंपात, हौदात, बादल्यांत. डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्यामुळे ताप म्हटला की आईच्या काळजात आधी तेच नाव उमटते. रक्त तपासले, डेंग्यू नव्हता. डॉक्टर म्हणाले, “ऋतुबदलाचा ताप आहे, तीन-चार दिवस घेईल.” ते तीन-चार दिवस तो घेणार होता हे खरे, पण त्यातल्या रात्री माझ्या होत्या. दर दोन तासांनी कपाळावर हात. मिठाच्या पाण्याची घडी. “आई, पाणी.” “आई, भिंतीवर कोण आहे?” “आई, तू झोपलीस का?” या शेवटच्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही आईने आजवर ‘हो’ असे उत्तर दिलेले नाही. दिवसा पुन्हा महाविद्यालय, गठ्ठे, आणि थोरलीचा गणिताचा पेपर.

चौथ्या दिवशी दुपारी ताप उतरला. मी स्वयंपाकघरात कणीक भिजवीत उभी होते. सासूबाई आत आल्या, माझ्या हातातली परात काढून घेतली आणि म्हणाल्या, “हात धू आणि आतल्या खोलीत जा.”

“अहो आई, पोळ्या...”

“पोळ्या होतील. नाही झाल्या तर भात आहे. तुळजापूरला देवी निजली आहे. तिच्या घोरनिद्रेत जगाचं काही अडलेलं मला दिसत नाही.”

आत गेले तर अंथरूण घातलेले होते. खिडकीला जाड पडदा ओढलेला. मोबाइल त्यांनी आधीच उचलून देव्हाऱ्यात ठेवला होता. तिथे हात घालायची कुणाची छाती नाही, हे त्यांना ठाऊक होते. मी आडवी झाले एवढेच आठवते. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. नंतर थोरलीने हकीकत सांगितली. दुपारी धाकटा तीनदा दाराशी आला. आजीने त्याला कडेवर घेऊन फटीतून दाखवले आणि सांगितले, “दर्शन घे, पण लांबून. हाक मारायची नाही.” शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांनाही तेच. थोरलीने तर पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘देवी झोपली आहे. आवाज करू नये’ असे लिहून पाटी दाराला टेकवून ठेवली होती. ‘निद्रा’ हा शब्द तिला लिहिता येईना, म्हणून ‘झोपली’!

देवळाचा नियमही तसाच आहे. निद्राकाळात दर्शन मिळते ते निजलेल्या देवीचे. अभिषेक मात्र बंद. भक्तांनी नुसते पाहावे, अंगावर दूध-दही ओतू नये. आईच्या अंगावर दूध-दही सांडणाऱ्या घरोघरच्या भक्तांना हा नियम कळला तर काय बहार होईल!

त्या दुपारपासून एक गोष्ट माझ्या मनात बसली आहे. आईला झोप मिळत नाही याचा दोष आपण पोरांना देतो. ती रात्री उठतात म्हणून. पण पोरे उठणारच. भूक, ताप, स्वप्ने, काळोखाची भीती ही त्यांची कामे ती इमानाने करतात. प्रश्न आहे पलंगाचा. तुळजापूरची देवी स्वतः उठून आपले अंथरूण घालीत नाही. घोडेगावचा कारागीर पलंग घडवतो, राहुरीत पालखी होते, कुणी कापूस पिंजतो, कुणी २०० किलोमीटर चालतो, आणि मग तिला निजवतात. “तू जरा पड ना, कोण नको म्हणतंय?” असे देवीला कुणी म्हणत नाही. घरातल्या आईला मात्र आपण नेमके हेच वाक्य ऐकवतो. पड म्हणायचे, आणि दुधावर नजर तिनेच ठेवायची.

हे माझ्या एकटीचे रडगाणे नाही. २०१९ साली सरकारने देशभर घराघरांत जाऊन लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आकडे निघाले. मुलाबाळांची आणि आजाऱ्यांची देखभाल निराळी मोजली होती. तिथे बायकांची १३४ मिनिटे आणि पुरुषांची ७६. हे मी ह्यांना वाचून दाखवले. बँकेतला माणूस, आकड्यांपुढे नमतो. थोडा वेळ हिशेब करून म्हणाले, “म्हणजे रोजची दोनशे मिनिटांची थकबाकी.” तेव्हापासून रात्री दोननंतरची ‘आई, पाणी’ ही हाक बाबांकडे वर्ग झाली आहे. पहिले काही दिवस धाकट्याने हरकत घेतली. बाबांचे पाणी त्याला गार लागेना! पण पोरे लवकर रुळतात. मोठ्यांनाच वेळ लागतो.

नवरात्र आले की घरात माती येते. पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरायचे, मध्ये घट ठेवायचा. मुलांना यातला देव पुढे कळतो, आधी कळतो तो अंकुर. रोज सकाळी पट्टी घेऊन थोरली गव्हाची उंची मोजते आणि वहीत लिहिते. धाकटा मात्र तिसऱ्या माळेलाच “अजून भाकरी का नाही आली?” म्हणून रुसून बसतो.

याच दिवसांत पहाटे आमच्या रस्त्यावरून पावलांचा आवाज येतो. केडगावच्या रेणुकामातेला पायी जाणाऱ्या बायका. काळोखात निघतात, अनवाणी, चार-सहा जणींच्या घोळक्याने. मीही जाते. श्रद्धा आहेच, पण खरे सांगायचे तर त्या वाटेवर दीड-दोन तास मला कुणी ‘आई’ म्हणून हाक मारीत नाही, हाही प्रसादच. बायका बोलत असतात. सासूची गोष्ट, पगाराची गोष्ट, पोराच्या दाताची गोष्ट. जात्यावरच्या ओव्या शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगते, की दळण हे कष्टाचे काम खरे, पण पहाटेची ती घटका बाईची स्वतःची होती. तिथे ती आपले मन बोलू शकत होती. जाते गेले, ते बरेच झाले. पण ती घटका कुठे गेली, ते शोधायला हवे. केडगावच्या वाटेवर मला ती थोडीशी सापडते.

थोरलीचा भोंडलाही याच हस्तातला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी झाली की खिरापत ओळखायची. खानदेश-विदर्भाकडे भुलाबाई, सातारा-कोल्हापुराकडे हादगा; नाव निराळे, फेर तोच. नऊ-दहा वर्षांच्या या पोरी सासर-माहेराची गाणी घसा ताणून म्हणतात, त्यांतल्या सुनेच्या हालांवर खदखदून हसतात. मीही लहानपणी हसले आहे. आपल्याकडे बाईची दमणूक नेहमी हसतखेळतच सांगितली जाते. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराची पुष्कळ वर्षे नगर आणि राहुरीत गेली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतो, आणि पुस्तक मिटल्यावर लक्षात येते, की या बाईने काय काय सोसले होते! हसू राहते आणि श्रम विसरले जातात. त्यासाठीच बहुधा ‘श्रमनिद्रा’ असा शब्द मुद्दाम करून ठेवावा लागला.

दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाली, की आमच्या जिल्ह्यात आणखी एक सीमोल्लंघन होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतली कुटुंबे ऊसतोडीला निघायच्या तयारीला लागतात. याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि महाराष्ट्रभर सहकाराची साखर पसरली. आपल्या दिवाळीच्या शंकरपाळ्यांत जी साखर पडते तिच्यामागे ऊस तोडणारे एक जोडपे असते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोन माणसे आणि एक कोयता! उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची. लहान मूल बरोबर जाते आणि फडाच्या कडेला, उसाच्या पाचटाच्या कोपीशेजारी वाढते. ती आई उठते मध्यरात्र सरताच; भाकऱ्या थापून, पोराला पाजून उजाडण्याआधी फडात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. मी त्या रजेची किंमत जाणते. पण कोयत्याला रजा कुठली?

पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेल्या ओळखीच्या एक शिक्षिका सांगत होत्या, की दसरा ते दिवाळी या दिवसांत त्या हजेरी घेताना पोरांच्या तोंडाकडे फार निरखून पाहतात. कोण राहील आणि कोण जाईल, याचा अंदाज बांधत. काही गावांत मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. आजीच्या जिवावर काही पोरे गावातच राहतात. जिथे अशी सोय आहे तिथे पोराची पाटी फुटत नाही आणि आईचा जीवही थोडा स्वस्थ होतो. त्या सोयी म्हणजेही पलंगच आहेत. कुणीतरी घडवलेले आणि कुणीतरी खांद्यावर वाहून नेलेले. ते अजून फार थोड्या गावांना पुरतात, एवढेच.

मग येते कोजागरी. ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत लक्ष्मी त्या रात्री फिरते म्हणतात. मला वाटते, लहान मुलांच्या घरासमोर आल्यावर तिला विचारावेच लागत नसेल. दूध आटवायचे, केशर-वेलदोडा घालायचा, गच्चीवर चंद्राचे प्रतिबिंब पातेल्यात पाडायचे. आणि हे सगळे थोरल्या अपत्याला ओवाळल्यावर. आश्विनातल्या या पौर्णिमेला ओवाळण्याचा मान थोरल्याचा. “मी कधी पहिला होणार?” असे धाकटा दरवर्षी विचारतो, आणि त्याला दुधाचा जास्तीचा पेला देऊन तो प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलला जातो. गंमत पाहा, आपण जागरण करतो त्याच पौर्णिमेला तुळजापूरची देवी श्रमनिद्रेतून जागी होते. पाच दिवस पुरती निजलेली आई पुन्हा सिंहासनावर बसते. पुढच्या वर्षभराच्या नवसांना आता ती समर्थ आहे!

कोजागरी झाली की दिवाळी दोन आठवड्यांवर. भाजणी दळून आणायची, डबे घासायचे, किल्ल्याला माती आणायची, फटाक्यांवरून रुसवेफुगवे काढायचे. वाचकहो, हा अंक तुमच्या घरी येईल तेव्हा तो आधी कुणाच्या हाती पडेल, हे मी सांगू शकते. कुणीतरी आरामखुर्चीत बसून रंगीत पानांपासून सुरुवात करील, मुले व्यंगचित्रे पाहतील, आणि एक व्यक्ती चकलीच्या घाण्यापाशी उभी राहून “माझ्यासाठी ठेवा हं, नंतर वाचीन” असे म्हणेल. तो ‘नंतर’ पुष्कळदा तुळशीच्या लग्नालाच उगवतो.

यंदा एवढे करून पाहा. झारा तिच्या हातून घ्या. चकल्या थोड्या वाकड्या होतील, होऊ द्या. पोरांना अंगणात किल्ल्यावर पाठवा. आतल्या खोलीत अंथरूण घाला, खिडकीला पडदा ओढा, उशाशी हा अंक ठेवा. तिने तो दोन पाने वाचून छातीवर ठेवला आणि डोळे मिटले, तर लेखकांपैकी कुणीही रागावणार नाही. दारात पाटी ठेवायला मात्र विसरू नका.